ॲल्युमिनियम पावडर हाताळताना आणि साठवताना: आधी हाताच्या सवयी बदला

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. भुसावळच्या बाजूला दीपनगरच्या वीज केंद्राची राख वापरून एएसी ब्लॉक (ॲल्युमिनियम पावडरने फुगवलेले हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) बनवायचा प्लँट आहे, ॲल्युमिनियम पावडरचे ड्रम सध्या चुना-सिमेंटच्याच गोदामात एका कोपऱ्यात ठेवलेत, सांडलेली पावडर लेबर कंप्रेसरच्या हवेने उडवतात, आगीसाठी एबीसी (कोरड्या पावडरीचे) आणि सीओटूचे (कार्बन डायऑक्साइडचे) सिलेंडर लावलेत, आणि मालकाचं दुसरं युनिट जळगाव एमआयडीसीत आहे जिथे ॲल्युमिनियम कास्टिंगचं ग्राइंडिंग-बफिंग चालतं. तुम्ही विचारलंय की यात काय चुकतंय आणि सुरुवात कुठून करू. तर कंप्रेसरने साफ करणं आजच बंद करा, पुढचं वाचायच्या आधी फोन करून बंद करा, आणि ड्रम चुन्यापासून लांब न्यायची तयारी सुरू करा. मग पुढचं निवांत वाचा, कारण उत्तर लांब होणार आहे.

मी बरीच वर्षं धातूची पावडर बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कारखान्यांमध्ये सेफ्टीचं काम बघितलंय. सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसली. काही सांडलं, धूळ साचली, आग लागली की माणसाचा हात आपोआप चार गोष्टींकडे जातो, झाडू, हवा, पाणी आणि भिंतीवरचा लाल सिलेंडर. बाकी सगळ्या ठिकाणी या सवयी चांगल्याच आहेत, पण धातूच्या पावडरीसमोर त्या चारही उलट्या पडतात. त्यामुळे नुसतं नवीन सामान आणून भागत नाही, हाताची सवय मोडावी लागते, आणि ती मोडायला वेळ लागतो.

आधी हे समजून घ्या की धातू पेटतोच कसा, कारण तुमच्या लेबरला हेच पटत नसणार. ॲल्युमिनियमची कढई रोज गॅसवर असते, पेटत नाही, मग पावडर कशी पेटेल असं ते विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. पऱ्हाटीचं जाड खोड पेटवायला किती खटपट करावी लागते आणि जिनिंगमधला उडता कापूस एका ठिणगीने कसा भडकतो हे खान्देशात कुणाला सांगायला नको, फरक फक्त हवा किती बाजूंनी लागते याचा. कढईवर ऑक्साईडचा पातळ थर असतो आणि आतला धातू झाकलेला राहतो, उष्णताही सगळीकडे पसरून जाते. पावडरीत तोच धातू इतका बारीक झालेला असतो की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि कण तापायला काहीच वेळ लागत नाही. साधारण ५०० मायक्रॉनच्या खालची धूळ धोक्याची धरतात, आणि एएसीसाठी येणारी पावडर त्याच्या कितीतरी खाली असते, शिवाय ती गोल दाण्याची नसून चपट्या पापुद्र्यासारखी असते म्हणून हवेत जास्त वेळ तरंगते.

आता ढगाचा हिशेब करून बघा. बारीक ॲल्युमिनियमचा हवेतला ढग साधारण दर घनमीटरला ३० ते ६० ग्रॅम झाला की स्फोट होऊ शकतो. समजा तुमच्या शेडच्या पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर), केबल ट्रेवर, मशीनच्या डोक्यावर १ मिलिमीटर थर बसलाय. पावडर हलकी असते, पण अगदी दर घनमीटरला ५०० किलो घनता धरली तरी १ चौरस मीटरवर अर्धा किलो माल झाला, आणि तो ५ मीटर उंचीच्या खोलीत उडाला तर दर घनमीटरला १०० ग्रॅम. म्हणजे लागतं त्यापेक्षा जास्त. नखाएवढ्या जाडीच्या थरात हे सगळं आहे. आणि माणसं खरी मारतो तो दुसरा स्फोट. पहिला छोटा असतो, एखाद्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या मोठ्या चाडीत) किंवा डस्ट कलेक्टरमध्ये (धूळ ओढून गोळा करणाऱ्या यंत्रात) भक्कन होतो, त्याच्या धक्क्याने वरच्या पर्लिनवरची वर्षानुवर्षांची धूळ खाली येते आणि मग पूर्ण शेड पेटतं. म्हणून मी कुठल्याही प्लँटला गेलो की आधी ड्रम बघत नाही, शिडी मागतो. वर चढून पर्लिनवरून बोट फिरवायचं, खालच्या पत्र्याचा किंवा रंगाचा मूळ रंग दिसत नसेल तर काम त्याच क्षणी थांबवून साफसफाई. कंप्रेसरवर माझा एवढा राग का ते यातून कळेल, तुम्ही हवा मारून खाली सांडलेली पावडर साफ करत नाही आहात, ती उचलून वर नेऊन ठेवताय, आणि नेताना ढग पण तयार करताय.

हे पुस्तकातलं वाटत असेल तर चीनमधल्या कुनशानचं उदाहरण बघा. २ ऑगस्ट २०१४, गाडीची ॲल्युमिनियम चाकं पॉलिश करणारा कारखाना, म्हणजे तुमच्या जळगावच्या युनिटमध्ये होतं तसंच काम, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्या दिवशी ७५ माणसं गेली आणि पुढच्या महिन्यांत भाजलेले लोक दगावत गेले तसा आकडा १४६ वर पोचला. चौकशीत निघालं की डस्ट कलेक्टर वेळेवर साफ होत नव्हते, धूळ गोळा होणाऱ्या डब्याचा तळ गंजून त्याला भोक पडलं होतं, त्यातून दमट हवा आत गेली, ओलसर ॲल्युमिनियम आतल्या आत तापत गेलं आणि तिथून पेटलं, आणि डक्टमधून स्फोट सगळ्या हॉलमध्ये पसरला. कुणी काडी ओढली नव्हती. गंजलेला डबा आणि दमट हवा. लोखंडाच्या पावडरीनेही हे होतं, अमेरिकेत टेनेसीमधल्या गॅलटिन गावात एकाच प्लँटमध्ये २०११ साली जानेवारी, मार्च आणि मे अशा तीन घटना झाल्या आणि एकूण ५ कामगार गेले. तिथेही उंचावर साचलेली धूळ होतीच.

दुसरा शत्रू ओल. ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आलं की हायड्रोजन निघतो, तुमचा ब्लॉक फुगतो तो त्याच्यावरच, म्हणजे जी क्रिया तुम्ही मोल्डमध्ये मुद्दाम करवता तीच गोदामात नको असते. १ किलो ॲल्युमिनियम पूर्ण मुरलं तर १२०० लिटरच्या वर हायड्रोजन देतं. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो आणि त्याला ठिणगीही अगदी किरकोळ पुरते. नुसत्या पाण्याने ही क्रिया हळू चालते, पण चुन्यासारखा अल्कली सोबत असला की ऑक्साईडचा थर विरघळतो आणि क्रिया जोरात पळते. आता तुमच्या गोदामाकडे बघा. चुन्याची पोती, त्याच्या शेजारी ॲल्युमिनियमचे ड्रम, वर पत्रा. जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात पत्र्याच्या एखाद्या बोल्टमधून धार लागली तर कळीचा चुना पाण्याने स्वतःच तापतो, एवढा की पोती पेटू शकतात, आणि तेच चुन्याचं गरम पाणी ड्रमखाली जातं. तुमच्याकडे जे जे एकत्र नको ते सगळं त्या एका कोपऱ्यात आहे.

खान्देशात या कामाला एक वेगळा त्रास आहे आणि तो बाहेरचे कन्सल्टंट विसरतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत, म्हणजे स्थिर वीज वाढणार, पावडर ओतताना ठिणगीची भीती. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट, म्हणजे हायड्रोजनची भीती. एकच प्लँट, दोन ऋतू, दोन वेगळे धोके. म्हणून माझ्याकडे चेकलिस्ट दोन असतात. अक्षय्य तृतीयेच्या आत अर्थिंग आणि बाँडिंग (धातूच्या वस्तू तारेने एकमेकांना जोडणं) तपासून घ्यायचं, आणि मृगाच्या आधी छप्पर, पन्हाळ, दाराची उंबऱ्याची उंची, ड्रमची सील. हिवाळ्यात पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यातल्या फरकाने अर्धवट वापरलेल्या ड्रमच्या आत घाम धरतो, झाकण नीट नसेल तर.

साठवण कशी करायची ते आता. पावडरीला वेगळी खोली द्या, पक्क्या बांधकामाची, कोरडी, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच. खोलीतून पाण्याची पाइपलाइन, स्टीमची लाइन, ड्रेन काहीही जाता कामा नये, छताखालून जात असेल तर वळवून घ्या. ड्रम पॅलेटवर, फरशीला टेकलेले नकोत, भिंतीपासून थोडे सुटे, म्हणजे चारी बाजूंनी बघता येतात. ज्या ड्रममध्ये सप्लायरने दिली त्यातच ठेवा, प्लास्टिकच्या ड्रममध्ये किंवा रिकाम्या पोत्यात काढून ठेवायची सवय असेल तर मोडा. आधी आलेला माल आधी वापरायचा. वापराच्या जागी फक्त त्या शिफ्टची पावडर, बाकी सगळं खोलीत. सोबत काय नको: चुना, कॉस्टिक, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, क्लोरीनवाले सॉल्व्हंट, आणि नायट्रेट. नायट्रेट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मालकाची केळीची बाग असतेच आणि ठिबकला सोडायच्या १३:०:४५ च्या गोण्या कारखान्याच्या गोदामात टेकवलेल्या मी बघितल्यात. ते पोटॅशियम नायट्रेट आहे, ऑक्सिजन देणारं, ॲल्युमिनियम पावडरीत मिसळलं तर फटाक्याची दारूच. आज ती गोणी दुसरीकडे हलवा.

ड्रमचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा ड्रमला हात लावल्यावर कोमट लागला तर तो उघडायचा नाही, ठोकायचा नाही, आत गॅस धरलाय. आसपासचं सगळं विजेचं काम, वेल्डिंग, बिडी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लोकांना लांब न्या आणि सप्लायरच्या टेक्निकल माणसाला बोलवा. नुसता कोमट नाही तर गरम असेल, धूर असेल, तर बोलवणं-बघणं नंतर, आधी शेड रिकामं. आणि भिजलेली पावडर कधीही घट्ट झाकण लावून ठेवायची नाही, गॅसला वाट पाहिजे.

आता ड्रम उघडायचा तो क्षण जवळून बघू, कारण खूप काही इथेच बिघडतं. मी एका ठिकाणी बघितलं, कुठलं ते सांगत नाही. मुलगा चांगला, कामाला चपळ. ड्रमची रिंग गंजून अडकली होती. त्याने लोखंडी छिन्नी लावली आणि वरून हातोडी. गंजलेलं लोखंड, त्यावर ॲल्युमिनियमचा लेप आणि वरून घाव, यात थर्माइटची ठिणगी उडते, तीच क्रिया जी रेल्वेवाले रूळ जोडायला वापरतात, भुसावळला कुणालाही विचारा ते वेल्डिंग कसं पेटतं. साधी ठिणगी आणि ही ठिणगी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ही वितळलेल्या धातूचा थेंब असते. मी त्याचा हात धरला तेव्हा तो म्हणाला, काही व्हत नही भाऊ. रोज होत नाही हे खरं आहे, म्हणूनच तो तसं म्हणतो. तिथे रिंगला पितळी पाना लावून, थोडं तेल सोडून, दहा मिनिटात झाकण निघालं.

तर हत्यारं पितळेची किंवा ब्राँझची, स्कूप पण तसाच, प्लास्टिकचा मग किंवा बादली नको. प्लास्टिकवरून पावडर घसरली की चार्ज बसतो, ड्रमच्या आतली साधी प्लास्टिक पिशवी सुद्धा झटकली की हेच होतं, म्हणून पिशवी झटकायची नाही, आणि सप्लायरकडून अँटिस्टॅटिक लायनर मागायचा. ड्रम, हॉपर, स्कूप, वजनकाटा, टाकी हे सगळं एकमेकांना जोडून मग जमिनीला जोडायचं. क्लिप लावताना ड्रमचा रंग खरवडून धातूपर्यंत गेली पाहिजे, रंगावर लावलेली क्लिप म्हणजे नुसती शोभा. जोडण्या १० ओहमच्या आत आहेत का ते मीटरने मोजून वहीत लिहा. लांब कुठेतरी अर्थपिट आहे म्हणून निवांत राहू नका, अडचण मधल्या सुटलेल्या लोखंडी तुकड्याची असते, तो एकटा चार्ज धरून बसतो. माणसाच्या अंगावरून उडणारी स्थिर विजेची ठिणगी २०-३० मिलिज्यूलपर्यंत जाऊ शकते आणि बारीक ॲल्युमिनियमच्या ढगाला त्याहून कमी पुरू शकते, त्यामुळे अँटिस्टॅटिक बूट, सुती कपडे, टेरिकॉट-नायलॉन नाही, खिसे आणि पँटची दुमडलेली घडी नको कारण त्यात पावडर साचते. मोबाईल खोलीबाहेर. डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क हे तर आहेच.

तुमच्या स्लरीच्या (पाण्यात कालवलेल्या ॲल्युमिनियम पावडरीच्या) टाकीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. क्रम असा पाहिजे: आधी टाकीत पाणी, मग डिटर्जंट, मग स्टरर सुरू, मग पावडर हळूहळू पाण्याच्या अगदी जवळून सोडायची. पावडरीवर पाणी कधीच नाही. डिटर्जंट कशाला ते लेबरला सांगा, पावडरीवर स्टिअरिक ॲसिडचा तेलकट लेप असतो म्हणून ती पाण्यावर तरंगते, भिजत नाही, आणि ती तरंगणारी चमकती साय वाऱ्याने उडते किंवा टाकीच्या कडेला वाळून चिकटते. ती वाळलेली कड रोज ओली असतानाच पुसून घ्या. टाकीला घट्ट झाकण नको, वर एक्झॉस्टची वाट पाहिजे, स्लरी रात्रभर ठेवायची नाही, लागेल तेवढीच बनवायची. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका, तो छताखाली वळचणीला साचतो, म्हणून शेडच्या अगदी माथ्यावर व्हेंट पाहिजे, खालचे पंखे त्याला काही करत नाहीत. ज्या खोलीत मोल्ड फुगायला ठेवता तिथेही तेच, तिथे वेल्डिंग करायला ठेकेदाराचा माणूस शिरला तर त्याला परमिटशिवाय (लेखी परवानगीशिवाय) उभं करू नका.

सांडलेलं उचलायचं कसं? मोठा ढीग पितळी फावड्याने हळू, उरलेलं नैसर्गिक केसांच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने, खराटा जोरात मारायचा नाही. शेवटचा थर लागलाच तर धातूच्या धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने. बाजारात मिळणारा साधा व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांतून पावडरीचा ढग ओढणं, त्याला हातही लावू नका. साफसफाई वरून खाली, मशीन बंद असताना. आणि सांडलेली पावडर परत ड्रममध्ये टाकायची नाही, त्यात चुना, ओल, गंज काय आलं ते कळत नाही. वेगळ्या झाकणाच्या धातूच्या डब्यात, कोरडी कोरड्यात, ओली ओल्यात आणि ओल्याच्या डब्याला वायू जायला जागा. नालीत नाही, कचऱ्याच्या गाडीत नाही, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीला.

खरं सांगू का, हा निम्मा व्याप टाळायचा असेल तर पावडर सोडून ॲल्युमिनियम पेस्ट घ्या. एएसीसाठी पेस्ट मिळते, ती ओली असल्याने उडत नाही, आणि उडत नाही तर ढग नाही. मालकाला किलोचा भाव सांगू नका, त्यात द्रव किती आणि धातू किती ते बघून धातूच्या किलोचा भाव काढा, डोस पण त्याच हिशेबाने बदलावा लागेल, थोडे बॅच ट्रायल लागतील. पेस्टचा डबा उघडा ठेवला तर कड सुकते आणि सुकलेली पेस्ट म्हणजे परत पावडरच, एवढं सांभाळायचं. मला विचाराल तर छोट्या प्लँटने पेस्टवरच जावं.

इलेक्ट्रिकचं काम करणारा ठेकेदार तुम्हाला म्हणेल की आम्ही फ्लेमप्रूफ बसवलंय, काळजी नको. त्याला विचारा, कशासाठी फ्लेमप्रूफ, गॅससाठी की डस्टसाठी? धातूची धूळ विजेची वाहक असते, तिच्यासाठी ग्रुप थ्री-सी ची उपकरणं लागतात, धूळ आत न शिरणारी, आयपी सहाच्या दर्जाची. गॅसच्या ग्रुपची प्लेट असलेला दिवा महाग असेल, मजबूत असेल, पण तुमच्या कामाचा नाही. प्लेटवर काय छापलंय ते स्वतः वाचा. त्याहून सोपं म्हणजे पावडरच्या खोलीत स्विच-सॉकेट ठेवूच नका, दिवा खिडकीच्या काचेबाहेरून आत पडेल असा लावा.

आता आगीचं. तुमचे सीओटू आणि एबीसी सिलेंडर ऑफिस, पॅनल, डिझेलसाठी ठीक आहेत, पावडरच्या खोलीच्या दारावर त्यांना जागा नाही. पेटलेला ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम इतका तापलेला असतो की सीओटूमधला ऑक्सिजन सुद्धा ओढून घेतो, मॅग्नेशियमच्या बाबतीत तर मागे काळा कार्बन राहिलेला डोळ्यांनी दिसतो. एबीसीची पावडर या आगीसाठी नाहीच. आणि दोन्हीचा झोत एवढा जोराचा की ढिगावरची न पेटलेली पावडर उडते आणि मग आगीचा स्फोट होतो. पाण्याने तर दुहेरी, झोतानेही उडते आणि हायड्रोजनही निघतो. इथे डी क्लासचा म्हणजे धातूच्या आगीसाठीचा सिलेंडर लागतो, मिठाच्या म्हणजे सोडियम क्लोराईडच्या आधारावरचा ड्राय पावडर, त्याच्या नळीला झोत मंद करणारा लांब ॲप्लिकेटर असतो. विकत घेताना लेबलवर तुमच्या धातूचं नाव आहे का ते बघा.

पेटलंच तर, ढीग छोटा असेल तर घाई नाही करायची. आधी पंखे, डस्ट कलेक्टर, मेन लांबूनच बंद. मग ढिगाच्या भोवती कोरड्या वाळूचा बांध घालायचा, मग लांब दांड्याच्या फावड्याने कडेकडेने आत वाळू ओतत झाकत यायचं, फेकायची नाही, पसरत सोडायची. झाकून झालं की हात लावायचा नाही, उकरून बघायचं नाही. ॲल्युमिनियम पावडरचा ढीग वरून राखाडी थंड दिसतो आणि आत लाल असतो, ज्वाला दिसत नाही म्हणून माणूस फसतो. कित्येक तास तसाच राहू द्या, एक माणूस लांबून लक्ष ठेवायला. ढीग मोठा असेल, ढग दिसत असेल, ड्रम पेटले असतील तर काही विझवायचं नाही, सगळे बाहेर, मोजून घ्या, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन. फोनवर पहिलं वाक्य हेच की धातूची पावडर आहे, पाणी मारायचं नाही.

वाळूबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. प्रत्येक कारखान्यात लाल बादल्या लटकलेल्या असतात आणि त्यातली वाळू पावसाने भिजलेली, गुटख्याने लाल, बिड्यांची थोटकं खोचलेली. ओली वाळू वितळत्या धातूवर टाकली तर तिथल्या तिथे वाफेचा भडका उडतो, हायड्रोजन वेगळा. गिरणेची-तापीची वाळू आणली असेल तर चाळून, मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर पसरून पूर्ण वाळवा, हातात घेऊन मूठ सोडली की बोटांना चिकटता कामा नये, मग घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरा, झाकणावर तारीख लिहा आणि पावसाळा संपल्यावर परत उघडून बघा. यात खर्च जवळजवळ नाही, फक्त कुणाच्या तरी नावावर हे काम पाहिजे.

जळगावच्या बफिंग युनिटचं थोडक्यात सांगतो कारण तो मोठा वेगळा विषय आहे. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकाच डस्ट कलेक्टरवर चालवू नका. एमएसचं म्हणजे साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग त्याच लाइनवर होत असेल तर एका बाजूने ठिणगी आणि दुसऱ्या बाजूने दारू एकाच डब्यात जातेय, वर गंज मिळून थर्माइट. ॲल्युमिनियमसाठी ओला कलेक्टर चांगला, पण त्यातला गाळ रोज काढायचा आणि फॅन बंद झाला तरी वरून हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर रात्रीत हायड्रोजन साचतो आणि सकाळी पहिला स्विच दाबणारा सापडतो. कोरडा कलेक्टर असेल तर शेडच्या बाहेर, मोकळ्या बाजूला तोंड करून स्फोट-व्हेंट (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी वाट) बसवलेला, आणि त्या तोंडासमोर पार्किंग किंवा चहाची टपरी नको. डक्टमध्ये हवेचा वेग साधारण सेकंदाला २० मीटरच्या वर पाहिजे, नाहीतर धूळ वाटेतच बसते. मॅग्नेशियमचं कास्टिंग घ्यायचा विचार मालक करत असेल तर आधी मला किंवा कुणा जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका, ते ॲल्युमिनियमपेक्षा फार लवकर पेटतं.

कायद्याचं विचारलंत. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधलं कलम ३७ हे नेमकं स्फोटक धूळ आणि गॅसवरच आहे, आता नवीन लेबर कोड आल्यावरही ही जबाबदारी कारखानदाराचीच राहते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा माणूस तपासणीला यायची वाट बघू नका, तुम्हीच कागद तयार ठेवा. सप्लायरकडून १६ भागांची सेफ्टी डेटा शीट घ्या आणि त्यातले ५, ७, ९ आणि १० हे भाग मराठीत करून खोलीच्या दारावर लावा, आग, साठवण, गुणधर्म आणि कशाबरोबर ठेवू नये ते त्यातच आहे. दारावर हातभर अक्षरात पाटी, "धातूची पावडर, पाणी मारू नका". आणि जवळच्या अग्निशमन केंद्राच्या लोकांना एकदा बोलावून चहा पाजा, खोली दाखवा, कारण रात्री दोनला बंब आला तर ते पाण्याचा पाइपच सोडणार, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पैशाचं म्हणाल तर असं करा. या आठवड्यात बिनखर्चाचं: कंप्रेसर बंद, खताच्या गोण्या आणि चुना वेगळे, पर्लिनची साफसफाई मशीन बंद ठेवून, वाळू वाळवायला, दारावर पाटी. या महिन्यात थोड्या खर्चाचं: पितळी हत्यारं, अर्थिंगच्या क्लिपा आणि मीटर, डी क्लासचे सिलेंडर, सुती कपडे आणि बूट. पावसाळ्याआधी खोली. आणि दरम्यान पेस्टचा एक छोटा लॉट मागवून ट्रायल. लेबरचं ट्रेनिंग राखेवर किंवा सिमेंटवर करा, खऱ्या पावडरीवर नाही, आणि प्रत्येकाच्या हातात फावडं देऊन वाळू पसरवायला लावा, नुसतं सांगून हात शिकत नाही. ड्रमवरच्या लेबलवर यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) काय लिहिलाय ते कळवा, १३०९ की १३९६, म्हणजे लेप दिलेली पावडर आहे की बिनलेपाची ते कळेल आणि साठवणीचं पुढचं नेमकं सांगता येईल.